रँकिंगवर वाद घालायचा तर आधी बावन्न ओळी लिहा

एखादा टेनिसपटू पुढे चाललाय की मागे, यावर बोलायला बसण्याआधी एक काम करा. त्याचा आजचा नंबर झाकून ठेवा आणि गेल्या बावन्न आठवड्यांत त्याने कुठल्या स्पर्धेत किती गुण मिळवले ते वहीत उतरवून काढा. एका आठवड्याला एक ओळ. ज्या आठवड्यात खेळला नाही ती ओळ कोरी सोडा. एवढं केल्याशिवाय वादात पडू नये असं माझं ठाम मत आहे. वर्षभर देशोदेशी एकट्याने बॅगा ओढत फिरणाऱ्या पोराला आपण ओट्यावर बसून ‘संपला’ म्हणतो, तेव्हा निदान त्याचा हिशेब तरी आपल्याला माहीत हवा.

मी सावद्याला केळीच्या गाड्यांचा हिशेब लिहितो. संध्याकाळी माल भरून गाड्या दिल्ली-पंजाबकडे निघाल्या की ऑफिसच्या ओट्यावर आमची बैठक बसते. भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले आप्पा, जळगावला इंजिनिअरिंग करणारा माझा भाचा (सुट्टीत इथेच असतो), आमच्या शिक्षिका वहिनी आणि येणारे-जाणारे दोघे-तिघे. क्रिकेटवर बोलायला आख्खा तालुका आहे, टेनिसवर आम्ही एवढेच. पण एकेरी खेळणारा भारताचा टेनिसपटू सुमित नागल, त्याच्यावरून आमच्यात जे वाद झाले त्यातून एक पद्धत ठरत गेली, आणि ती कुठल्याही खेळाडूला लागू पडते. तीच इथे सांगतो.

गुण येतात कसे, जातात कसे

पुरुषांची संगणकीय क्रमवारी २३ ऑगस्ट १९७३ ला सुरू झाली, महिलांची १९७५ मध्ये. ती दर सोमवारी नवी होते. ग्रँड स्लॅमसारखी (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) दोन आठवड्यांची स्पर्धा असेल तर ती संपल्यावरच्या सोमवारी. बुधवारी कुणी येऊन ‘तो आता इतकाव्या नंबरवर आला’ म्हणाला, तर तो बहुधा मोबाईलवरची चालू क्रमवारी वाचतोय. ती सामन्यागणिक हलते. वाद सोमवारच्या यादीवरच घालायचा, हा आमचा पहिला नियम.

पुरुषांच्या ग्रँड स्लॅममध्ये विजेत्याला २००० गुण, उपविजेत्याला १३००, उपांत्य फेरीला ८००, उपांत्यपूर्वला ४००, चौथ्या फेरीला २००, तिसऱ्या फेरीला १००, दुसरीला ५० आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १०. पात्रता फेऱ्या पार करून मुख्य स्पर्धेत आलेल्याला वेगळे ३०. हे आकडे २०२४ पासूनचे आहेत; त्याआधी मधल्या फेऱ्यांचे थोडे कमी होते, म्हणून जुन्या वर्षाशी तुलना करताना सांभाळा. खाली येत गेलं तर मास्टर्सच्या विजेत्याला १०००, मग ५०० आणि २५० च्या स्पर्धा, त्याखाली ५० पासून १७५ पर्यंतच्या चॅलेंजर आणि अगदी तळाला आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, १५ आणि २५ गुणांच्या.

या तक्त्यातल्या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. आयटीएफची सगळ्यात लहान स्पर्धा जिंकायला आठवडाभरात पाच सामने जिंकावे लागतात, आणि मिळतात १५ गुण. विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत सरळ सेटमध्ये हरणारा दीड-दोन तासांत १० गुण घेऊन जातो. तिथवर पोचण्यासाठी त्याने आधी काय काय केलं असेल ते खरंच, पण तळातून वर येणाऱ्याची चढण किती उभी असते हे या दोन आकड्यांतून कळतं. म्हणून साडेतीनशेवरून अडीचशेवर आलेल्या मुलाची बातमी दोन ओळींची असली तरी ती मी वहिनींना मुद्दाम वाचून दाखवतो.

आता गुण जाण्याचं. प्रत्येक गुणाचं आयुष्य बावन्न आठवडे. गेल्या वर्षी याच आठवड्यात कमावलेले गुण या वर्षी तो आठवडा आला की आपोआप वजा होतात. त्या जागी यंदा जे कमावलं ते चढतं. त्यातही सगळ्या स्पर्धांचे गुण मोजत नाहीत. ठरलेल्या मोठ्या स्पर्धा आणि बाकीच्यांतल्या सर्वांत चांगल्या, असे अठरा-एकोणीस निकालच धरतात. त्यामुळे एखाद्याने आठवडाभर चांगला खेळ करूनही त्याचा नंबर घसरू शकतो, आणि दुसरा घरी बसून दोन पायऱ्या वर चढू शकतो, कारण त्याच्या पुढच्यांचे गुण गळालेले असतात.

वहीत पाच रकाने पाडा: आठवडा, स्पर्धा, गुण, कोणाला हरवलं किंवा कोणाकडून हरला, आणि गुण गळण्याची तारीख. माहिती शोधायला लांब जावं लागत नाही, एटीपीच्या (पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या) संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या पानावर गुणांची फोड दिलेली असते. शेवटचा रकाना लाल शाईने लिहा. वादात तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

नागलचं पान

भाचा २०२५ च्या फेब्रुवारीत ओट्यावर आला तो हेच म्हणत, “मामा, नागल गेला. शंभराच्या बाहेर. मी म्हटलं होतं ना, एका वर्षाचा पाहुणा.”

वही उघडली. २०२४ चा जानेवारी: ऑस्ट्रेलियन ओपन. पात्रता फेऱ्या जिंकून मुख्य स्पर्धेत, तिथे पहिल्या फेरीत ३१ वं मानांकन (स्पर्धेत वरच्या खेळाडूंना क्रमवारीनुसार दिलेला क्रमांक) असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला तीन सेटमध्ये हरवलं, दुसऱ्या फेरीत चीनच्या शांग जुनचेंगकडून हार. गुण ५० आणि पात्रतेचे ३०, एकूण ८०. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर जिंकली, १०० गुण. तेवढ्यावर तो १२१ वरून ९८ वर आला. म्हणजे वर्षाच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत १८० गुण जमले. ते १८० गुण पुढच्या वर्षी याच सहा-सात आठवड्यांत गळणार, हे वहीत आधीच लाल शाईने लिहिलेलं होतं. २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत समोर आला चेकियाचा मानांकित टोमास माखाच. तिथे हरल्यावर ८० जाऊन १० आले. चेन्नईचं जेतेपदही राखता आलं नाही. मधल्या काळात, २०२४ च्या उत्तरार्धात, पाठीच्या दुखापतीने कितीतरी ओळी कोऱ्या राहिल्या होत्या.

आप्पांनी चष्मा वर करून पान नीट वाचलं आणि भाच्याला म्हणाले, “तू आत्ता घसरला म्हणतोस. पोरगा सप्टेंबरातच थांबला होता भो. यादीने ते आत्ता सांगितलं.”

नेमकं बोललात आप्पा, असं मी तेव्हाही म्हटलं. खेळात बदल आधी होतो, तो क्रमवारीत दिसायला काही महिने लागतात. चढतानाही हेच. नागल ९८ वर आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, पण चढण सुरू झाली होती २०२३ मध्ये, रोम आणि ताम्पेरे इथल्या मातीच्या कोर्टावरच्या चॅलेंजर जिंकल्या तेव्हापासून. त्याच्या आधी कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया झाली होती, क्रमवारी पाचशेच्याही पलीकडे गेली होती. आणि २०२३ च्या सप्टेंबरात, खेळ चढणीला लागलेला असताना, त्याने मुलाखतीत सांगितलं की बँकेत जेमतेम ९०० युरो उरलेत. ज्याला फक्त नंबर दिसतो त्याला त्या वर्षातलं यातलं काहीच दिसत नाही.

भाच्याची बाजू अगदीच पोकळ होती असं मात्र नाही, आणि वाद प्रामाणिक हवा असेल तर समोरच्याचा मुद्दा आपण स्वतः वहीतून काढून त्याच्या हातात द्यावा. नागल १५ जुलै २०२४ ला ६८ वर पोचला, हा त्याचा सर्वोच्च क्रमांक. पण त्या वर्षी रोलाँ गॅरोस (फ्रेंच ओपन), विम्बल्डन, यूएस ओपन, तिन्हीकडे पहिल्या फेरीतच हार: खाचानोव्ह, केत्समानोविच, ग्रीक्सपूर. म्हणजे ६८ चा बराचसा भार चेन्नई आणि जूनमधल्या हाइलब्रॉनसारख्या चॅलेंजरवर उभा होता. हा मुद्दा भाच्याने मांडला असता तर मला उत्तर द्यायला वेळ लागला असता. उत्तर आहे, पण ते सोपं नाही. एप्रिलमध्ये माँटे कार्लोला पात्रता फेरीतून येऊन त्याने मातेओ आर्नाल्दीला हरवलं होतं. मातीच्या कोर्टावर मास्टर्सच्या मुख्य स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. मोठ्या मैदानावर तो चालत नाही, असं म्हणायला हा निकाल आडवा येतो. चालतो असं म्हणायला तीन पहिल्या फेऱ्या आडव्या येतात. इथपर्यंत आलं की वाद चांगला रंगतो, कारण आता दोघांच्याही हातात खऱ्या ओळी आहेत.

‘कोसळला’ म्हणण्यापूर्वी

क्रमवारी एकाएकी गडगडली की लोकांना वाटतं खेळाडूच गडगडला. दोन उदाहरणं पाठच करून ठेवा, कुठल्याही वादात चालतात.

एमा राडुकानू. २०२१ ला क्रमवारीत १५० वी असताना पात्रता फेरीतून येऊन तिने यूएस ओपन जिंकली, एकही सेट न गमावता. त्या एका पंधरवड्याचे दोन हजारांवर गुण वर्षभर तिच्या खात्यावर राहिले. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत आलिझे कोर्नेकडून हरली आणि ११ वरून थेट ८३ वर आली. लोक म्हणाले, एका सामन्यात बहात्तर पायऱ्या घसरली. तिचं पान मांडून बघितलं असतं तर त्या मोठ्या ओळीखेरीज बाकीचं वर्ष कसं गेलं ते आधीच दिसलं असतं. ११ या नंबरातून तिचा त्या वेळचा खेळ कळत नव्हता, आणि ८३ मधूनही ती यूएस ओपन पुसली जात नाही.

नोव्हाक जोकोविच. २०२२ ला विम्बल्डन जिंकला आणि क्रमवारीत तिसऱ्यावरून सातव्यावर गेला. रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना विम्बल्डनने मज्जाव केला म्हणून त्या वर्षी त्या स्पर्धेला गुणच दिले नव्हते. आदल्या वर्षीचे २००० मात्र नियमाप्रमाणे वजा झाले. ट्रॉफी हातात आणि नंबर खाली! वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांचा आधी विश्वास बसेना. मग त्यांनीच ते वर्गात मुलांना वजाबाकीचं उदाहरण म्हणून घातलं.

दुखापत झालेल्यांचं वेगळं धरावं लागतं. सहा महिने किंवा जास्त काळ बाहेर राहिलेल्या खेळाडूला संरक्षित क्रमवारी मागता येते. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या त्याच्या क्रमांकाची सरासरी काढतात, आणि ती दाखवून तो ठराविक स्पर्धांना प्रवेश घेऊ शकतो. मानांकनासाठी ती चालत नाही, यादीतल्या नंबरावरही तिचा परिणाम नाही. म्हणून एखादा चारशेवा खेळाडू मोठ्या स्पर्धेत दिसला की ‘वशिल्याने आला’ म्हणण्याआधी हे तपासा. डॉमिनिक थीमचं आठवा. २०२० ची यूएस ओपन जिंकताना वाटेत, दुसऱ्या फेरीत, त्याने आपल्या नागललाच हरवलं होतं. पुढच्या वर्षी मनगट दुखावलं, आणि २०२२ च्या जूनमध्ये तोच ग्रँड स्लॅम विजेता ३५२ वर होता.

दोन नंबरांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं

पहिला आणि तिसरा यांच्यात हजारो गुण असू शकतात, तर नव्वदावा आणि एकशे दहावा यांच्यात एका चॅलेंजरइतकेच. नागल एका आठवड्यात २३ जागा वर आला तो १०० गुणांवर. पहिल्या दहात तेवढ्या गुणांनी कित्येकदा एकही जागा हलत नाही. म्हणून ‘हा वीस जागा चढला, तो दोनच’ अशी तुलना कुणी केली की त्याला दोघांचे गुण विचारा, जागा नकोत.

शंभराच्या आसपासच्या रेषेला इतकं महत्त्व का, तेही कळून घ्या. ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ जण. त्यातले सुमारे १०४ क्रमवारीवर थेट येतात, १६ पात्रता फेरीतून, ८ वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर. ती यादी स्पर्धेच्या सुमारे सहा आठवडे आधीच्या क्रमवारीवर ठरते. थेट प्रवेश म्हणजे पहिल्या फेरीच्या मानधनाची खात्री, आणि त्यातून प्रशिक्षक, फिजिओ, विमानाची तिकिटं. १०० आणि १३० मधला फरक खेळात कदाचित फार नसेल, पण खिशात फार मोठा असतो, आणि तो खिसा पुढच्या वर्षीच्या खेळावर परिणाम करतो. प्रगतीवर बोलताना पैसा बाजूला ठेवून बोलणाऱ्यांचं मला पटत नाही.

गुण नसलेल्या ओळी

वहीच्या मागच्या पानावर ज्या सामन्यांना गुण मिळत नाहीत ते लिहायचे. डेव्हिस कपला (देशांच्या पुरुष संघांची स्पर्धा) आता गुण नाहीत, ऑलिंपिकला नाहीत, आशियाई खेळांनाही नाहीत. हांगझोच्या आशियाई खेळांत मिश्र दुहेरीत रोहन बोपण्णाबरोबर आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले सुवर्णपदक घेऊन आली. क्रमवारीच्या खात्यात शून्य.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण सप्टेंबर २०२५ चं. स्वित्झर्लंडमध्ये, बीलला, डेव्हिस कपचा सामना. आपला दक्षिणेश्वर सुरेश क्रमवारीत ६२६, समोरचा जेरोम किम १५५. सुरेशने त्याला सरळ सेटमध्ये हरवलं. नागलने त्याचे दोन्ही एकेरी सामने जिंकले आणि भारत ३-१ ने जिंकला. १९९३ नंतर पहिल्यांदा आपण युरोपात जाऊन युरोपियन संघाला हरवलं. आता सांगा, ६२६ वा १५५ व्याला हरवतो कसा? सुरेश अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळत होता, आणि त्या सामन्यांना इथे गुण नाहीत. त्याच्या कितीतरी ओळी कोऱ्या होत्या, म्हणून नंबर खाली होता. कोरी ओळ आणि हरलेली ओळ यांत फरक करायला शिका. अर्धे वाद तिथेच मिटतात.

एकेरी आणि दुहेरीची सरमिसळ तर हमखास होते. बोपण्णा २०२४ च्या जानेवारीत ४३ व्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेला तो दुहेरीत. लिअँडर पेस दुहेरीत अव्वल होता, एकेरीतला त्याचा सर्वोच्च क्रमांक ७३. सानिया मिर्झा एकेरीत २७ पर्यंत गेली आणि दुहेरीत पहिली झाली. सोमदेव देववर्मन एकेरीत ६२. या याद्या वेगवेगळ्या पानांवर ठेवा.

कोर्टावर काय बघायचं

वही कितीही नीट ठेवली तरी सामना बघावाच लागतो. ऑस्ट्रेलियन ओपन आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, विम्बल्डन दुपारी साडेतीनला, यूएस ओपन रात्री. आणि पुण्याला बालेवाडीत स्पर्धा असेल तेव्हा एकदा तरी जाऊन बघा. मुख्य कोर्टाकडे सगळी गर्दी असते. तुम्ही पात्रता फेरीच्या बाजूच्या कोर्टांवर जा. तिथे खेळाडूचा श्वास ऐकू येतो, बूट घासल्याचा आवाज येतो.

तिथे फोरहँडच्या जोरदार फटक्यांकडे बघत बसू नका. दुसरी सर्व्हिस बघा. पहिली चुकल्यावर खेळाडू चेंडू किती वेळा टप्पा देतो, टॉस तोच राहतो की मागे जातो, आणि चेंडू समोरच्याच्या अंगावर जातो की सर्व्हिस लाइनच्या बराच आत पडून त्याला आयता मिळतो. नागल १७८ सेंटिमीटर उंचीचा आहे, आजच्या पुरुषांच्या टेनिसमध्ये हे कमीच. त्यामुळे त्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर समोरचे आत येऊन तुटून पडतात. तो चढणीला होता तेव्हा दुसऱ्या सर्व्हिसनंतरचा पहिला फटका तो पाय रोवून, पुढे येऊन मारायचा. पाठ दुखत होती तेव्हा मागे राहायचा. ही गोष्ट क्रमवारीच्या कितीतरी आधी डोळ्यांना दिसते.

पॉइंटची टक्केवारीही लक्षात ठेवा. रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सांगितलं की त्याने १५२६ एकेरी सामने खेळले, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकले, आणि पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे दोन-तीन टक्क्यांच्या फरकात कारकिर्दी घडतात आणि बिघडतात. २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये त्याच फेडररविरुद्ध, क्रमवारीत १९० वा असलेल्या नागलने पहिला सेट ६-४ घेतला. पुढचे तीन फेडररने घेतले. त्या एका सेटवरून नागल पहिल्या पन्नासात येणार म्हणणं जितकं चूक, तितकंच तो सेट योगायोग म्हणून सोडून देणंही.

जुन्या काळाशी तुलना करताना जपून. बुब्लिकवरच्या विजयानंतर मळ्यात भरीत पार्टी होती. काड्यांच्या जाळावर बामणोदची वांगी भाजत होती, कळण्याच्या भाकरी थापल्या जात होत्या. आप्पा म्हणाले, “१९८९ ला रमेश कृष्णनने विलँडरला हरवलं, तो तेव्हा जगात पहिला होता. त्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा आपला हाच.” भाचा लगेच, “मग कृष्णनच मोठा!” वहिनी भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, “अहो, त्याने पहिल्याला हरवलं, याने एकतिसाव्याला. पण तेव्हा सोळाच मानांकनं असायची. एकतिसावं मानांकन त्या वेळी नव्हतंच.” ग्रँड स्लॅममध्ये ३२ मानांकनं आली ती २००१ पासून. पिढ्यांची तुलना करायची तर असा एक तरी बदल आधी सांगून मगच पुढे जावं.

लहान पोरांबद्दल बोलताना

इथे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, सबुरीने घ्या. साताऱ्याच्या मानस धामणेला २०२३ ला, पंधराव्या वर्षी, पुण्याच्या महाराष्ट्र ओपनचं वाइल्ड कार्ड मिळालं. पहिल्या फेरीत हरला. अडीचशेच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला शून्य गुण. त्या शून्यावरून ‘उगाच डोक्यावर घेतलं’ म्हणणारे भेटले. दोन वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याने ट्युनिशियात मोनास्तिरला व्यावसायिक स्पर्धेचं पहिलं जेतेपद घेतलं, तेच १५ गुणांचं, पाच सामन्यांचं. सतराव्या वर्षी हे फार मोलाचं आहे. पण त्यावरून तो कुठे पोचेल याचं भाकीत करायला बसू नये.

युकी भांबरी २००९ ला ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता होता, ज्युनियरमध्ये जगात पहिला. एकेरीत तो पुढे ८३ पर्यंत पोचला, मध्ये दुखापतींनी वर्षंच्या वर्षं नेली. मग दुहेरीकडे वळला आणि २०२५ ला यूएस ओपनच्या दुहेरीत उपांत्य फेरीपर्यंत गेला. ही प्रगती की अधोगती? ज्युनियर नंबरला मापदंड धरलं तर एक उत्तर येतं, त्याने पुन्हा पुन्हा उभं राहून काय मिळवलं ते धरलं तर दुसरं. मला दुसरं पटतं, आणि आप्पांना पहिलं. आम्ही दोघंही अजून मागे हटलेलो नाही.

ओट्यावरचे नियम

प्रश्न आधी ठरवा. ‘नागल चांगला आहे का’ हा प्रश्नच नव्हे. ‘येत्या बावन्न आठवड्यांत तो पुन्हा पहिल्या शंभरात येईल का’ हा प्रश्न. त्याला हो किंवा नाही असं उत्तर आहे आणि ते तपासता येतं.

भाकीत करणाऱ्याने तारीख घालून वहीत लिहायचं आणि खाली सही करायची. सोबत एक ओळ: काय घडलं तर माझं मत बदलेल. ही ओळ ज्याला लिहिता येत नाही त्याच्याशी त्या विषयावर बोलणं थांबवावं, रागाने नव्हे, वेळ वाचवायला.

‘मला वाटतं’ म्हणणाऱ्याला अडवू नका, फक्त पुढे ‘कशावरून’ विचारा. मोठ्यांना विचारताना आवाज खाली ठेवा. आप्पांना भाचा ‘कशावरून सांगता, आप्पा?’ असंच विचारतो, आणि आप्पाही त्याला उत्तर देतात, टाळत नाहीत. खेळाडूच्या आई-बापावर, जातीवर, राज्यावर बोलणं सुरू झालं की वही मिटायची. दुखापतीला बहाणा म्हणणाऱ्याने आधी त्या महिन्यातल्या कोऱ्या ओळी मोजाव्यात.

आणि दर सोमवारी संध्याकाळी, हिशेबाची वही बंद करण्याआधी, त्या आठवड्याची लाल तारीख बघून गळालेले गुण खोडा आणि नवे चढवा. खोडताना जुनी ओळ वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारा, गिरगटू नका. पुढच्या वर्षी कुणीतरी ‘तेव्हा तो काय खेळला होता?’ विचारणारच.